समजलं का? – येस सर!



वार्षिक सभेत विषय वाचून होतो न होतो तोच “मंजूर, मंजूर” असा आवाज उठतो. ताळेबंद किती जणांनी उघडून पाहिलेला असतो, ते आपलं आपल्याला ठाऊक! कॉलेजच्या वर्गातही असंच चालतं.

परळचं जी. एस. मेडिकल, दादरपुढचं माटुंग्याचं व्हीजेटीआय, गिरगाव चौपाटीवरचं विल्सन. गावाकडची मुलं-मुली मार्क मिळवून मुंबईत अशा ठिकाणी पोचतात. कॉलेज कुठलंही असो, शंभराच्या वर्गात सर विचारतात, “समजलं का?” पुढच्या बाकावरून “येस सर” येतं. मराठी शाळेतून आलेला मागच्या बाकावर गप्प. इंग्रजी चुकेल, पोरं हसतील, म्हणून हात वर होत नाही. त्याला काय कळलं नाही ते समजणार परीक्षेत, म्हणजे हंगाम संपल्यावर. आपण तर तोडीआधीच उसाचा ब्रिक्स बघतो.

वर्गातला ब्रिक्स बघायचीही सोय आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ मध्ये एक रीत सुरू केली. शिकवणं मध्येच थांबवून प्रश्न टाकायचा. प्रत्येकानं आपापलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. पुढं त्यासाठी ‘क्लिकर’ हे रिमोटसारखं छोटं यंत्र आलं, आता मोबाईलवरही होतं. कोणत्या पर्यायाला किती मतं पडली, ते लगेच पडद्यावर दिसतं; कुणाचं काय चुकलं ते वर्गाला कळत नाही. निम्मा वर्ग चुकला तर सर पुढं जात नाहीत. आणि शेजाऱ्याशी वाद मराठीत घातला तरी चालतो, हा आमच्या मते मोठाच फायदा.

मुंबईतच पवईच्या आयआयटीत प्रा. भास्करन रमण यांच्या गटानं ‘सेफ’ नावाचं मोबाईल ॲप तयार केलं. त्यावर वर्गात चाचणी घेता येते आणि मुलांनी मोबाईलवर दुसरीकडं उत्तर शोधू नये, अशी त्यात तजवीज आहे. मात्र सरांनी ते नुसतं हजेरी-मार्कांसाठी वापरलं, तर पोरं पुन्हा शेजाऱ्याचंच बघून बटण दाबणार.

सगळ्यांकडं मोबाईल नसेल तिथं ‘प्लिकर्स’ची कागदी कार्डं चालतात. प्रत्येकाच्या कार्डावरचं चिन्ह वेगळं. कुठली बाजू वर धरली, त्यावर उत्तर ठरतं. सर आपल्या एकट्याच्या मोबाईलनं सगळा वर्ग टिपतात. मोठ्या संचात ६३ कार्डं असतात, तेव्हा शंभराच्या वर्गात दोघांत एक द्यावं लागेल. तालुक्याच्या कॉलेजालाही हे परवडेल. कार्डं छापून पुठ्ठ्यावर चिकटवायची. चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नये, कॅमेऱ्याला चिन्ह नीट दिसत नाही.