मशागत यंत्राचे एंजिन : प्रारंभदोष व उपाय
फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या व हाताने धरून चालवावयाच्या लहान मशागत यंत्राचे पेट्रोल एंजिन सुरू न होण्याची कारणे शोधून ती दूर करण्याची पद्धत. अशा मशागतीचे प्रयोग ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ मध्ये सुरू केले व १९२० मध्ये आपल्या यंत्राचे एकस्व घेतले. हे यंत्र वर्षातील बरेच महिने पडून असते आणि जमिनीला वाफसा आलेल्या मोजक्या दिवसांतच त्याची निकड भासते. त्या वेळी ते सुरू झाले नाही, तर पेरणी वा लागवड लांबते. बहुतेक वेळा दोष किरकोळ असतो. मात्र तो क्रमाने शोधावा लागतो.

तत्त्व : या यंत्रावर बहुधा एका सिलिंडराचे, हवेने थंड होणारे, चार धावांचे एंजिन असते. ते सुरू होण्यास तीन गोष्टी आवश्यक असतात : पेट्रोल व हवा यांचे योग्य मिश्रण (वजनाने सुमारे १ : १५), त्याचे पुरेसे संपीडन आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. यांपैकी कोणती उणी आहे हे ठरविल्याशिवाय कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवू नयेत. त्यामुळे मूळ दोषात दुसऱ्याची भर पडते.

प्राथमिक तपासणी : पात्यांजवळ हात नेण्यापूर्वी ठिणगी गुडदीची (स्पार्क प्लगची) तार काढून बाजूस करावी. एंजिन बंद खोलीत चालवू नये, कारण निष्कास वायूंत विषारी कार्बन मोनॉक्साइड असते. यानंतर बंद करण्याची कळ, इंधनाची तोटी, चोक व वंगण तेलाची पातळी पहावी. काही एंजिनांत तेल कमी झाल्यास किंवा यंत्र फार कलले असल्यास ठिणगी आपोआप बंद पडते.

गुडदीची परीक्षा : चोक लावून दोरी काही वेळा ओढावी व गुडदी काढून पहावी. ती कोरडी असेल, तर पेट्रोल सिलिंडरापर्यंत पोहोचत नाही. ती पेट्रोलने भिजलेली असेल, तर मिश्रण प्रमाणाबाहेर समृद्ध झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. अशा वेळी गुडदी पुसून, चोक उघडून व दोरी काही वेळा ओढून सिलिंडर कोरडा करावा.

इंधनातील दोष : टाकीच्या झाकणातील वायुछिद्र बुजल्यास टाकीत अंशतः निर्वात निर्माण होऊन पेट्रोल उतरत नाही, झाकण सैल करताच प्रवाह सुरू झाला, तर दोष तेथेच आहे. त्यानंतर गाळणी, नळी व कार्ब्युरेटरची वाटी साफ करावी. साठलेल्या पेट्रोलचे हलके घटक उडून जातात व मागे राहिलेला चिकट साका प्रोथाचे बारीक छिद्र बंद करतो. भारतात २०२३ पासून विक्रीस आलेल्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या बाबतीत अधिक दक्षता हवी, कारण इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. गुडदीच्या छिद्रातून अर्धा चमचा पेट्रोल घालून व गुडदी परत बसवून एंजिन क्षणभर चालले आणि थांबले, तर दोष निश्चितपणे इंधनपुरवठ्यात असतो.

प्रज्वलनातील दोष : सांडलेले पेट्रोल पुसून व टाकी बंद करून गुडदीचे धातूचे अंग एंजिनाला टेकवावे आणि दोरी ओढावी. तिच्या अग्रांतील अंतर सामान्यतः ०·७ ते ०·८ मिमी. असते. उघड्या हवेत ठिणगी दिसली, तरी संपीडित मिश्रणात ती पडेलच असे नाही. म्हणून नवी गुडदी बसवून पाहणे इष्ट असते. ठिणगी मुळीच नसेल, तर कळीची तार काढून पहावी. तरीही ती न पडल्यास मॅग्नेटोचे वेटोळे तपासावे.

मशागत यंत्रात एक दोष विशेष आढळतो. पाती दगडावर आदळून एंजिन एकदम थांबले, तर प्रचक्र व भुजादंड यांना जोडणारी मऊ धातूची चावी अंशतः कापली जाते. मग इंधन व ठिणगी दोन्ही असूनही ठिणगीची वेळ चुकते. दोरीला उलटा झटका बसतो किंवा कार्ब्युरेटरमधून स्फोट होतो. चावी बदलणे हाच उपाय होय.

संपीडनातील दोष : दोरी ओढताना नेहमीचा विरोध जाणवला नाही, तर गुडदीच्या छिद्रातून चमचाभर तेल घालून पहावे. विरोध वाढल्यास दट्ट्याची कडी झिजलेली असतात. न वाढल्यास झडप नीट न बसणे किंवा सिलिंडर शीर्षाची गॅस्केट फाटणे ही कारणे संभवतात. ही कामे कुशल कारागिराकडे सोपवावीत.

प्रतिबंध : हंगाम संपताच टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत एंजिन चालवावे, तेल बदलावे, हवेची गाळणी स्वच्छ करावी व यंत्र कोरड्या जागी ठेवावे. एवढी काळजी घेतल्यास येथे वर्णिलेले इंधनाचे बहुतेक दोष उद्‌भवतच नाहीत.