उबदार पाण्याचं हिमवादळ

१८ नोव्हेंबर २०१४ च्या सकाळी अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या मध्यभागातून दक्षिणेकडे पाहिलं की एक भिंत दिसत होती. करड्या-पांढऱ्या रंगाची, ईरी सरोवरावरून थेट आकाशात चढलेली, आणि कडा इतकी रेखीव की ती कुठे सुरू होते हे बोटाने दाखवता यावं. भिंतीच्या अलीकडे रस्ते जवळपास कोरडे होते. पलीकडे, त्याच शहराच्या दक्षिण भागात, तासाला दहा सेंटीमीटर किंवा त्याहूनही जास्त वेगाने बर्फ कोसळत होता आणि मधूनच वीज कडाडत होती.

ती भिंत तासन् तास जवळपास एकाच जागी उभी राहिली. मग जरा उसंत देऊन पुन्हा आली. चार-पाच दिवसांनी मोजमाप झालं तेव्हा शहराच्या पूर्वेकडच्या काउल्सव्हिल गावात ८८ इंच, म्हणजे सात फुटांहून अधिक बर्फ पडला होता. उत्तरेकडच्या उपनगरांत पडला तो बोटांवर मोजता येतील इतके इंच. उत्तरेतला माणूस झाडूने पायऱ्या झाडून कामाला गेला. दक्षिणेतल्याने घराचं दार आत ओढलं, तर चौकटीत बर्फाची दुसरी भिंत उभी होती आणि तिच्यावर दाराच्या नक्षीचा उलटा ठसा उमटला होता.

हे सगळं थंडीने केलं असं वाटणं साहजिक आहे. पण नुसत्या थंडीने बर्फ पडत नाही. अंटार्क्टिकाचा अंतर्भाग पृथ्वीवरचा सर्वांत थंड प्रदेश. तिथे वर्षभरात पडणारा बर्फ वितळवला तर पाणी भरेल जेमतेम पाच सेंटीमीटर. इतक्या थंड हवेत वाफ जवळपास राहतच नाही, मग पडणार काय? बफेलोला गाडणाऱ्या बर्फाचं भांडवल येतं ते उन्हाळ्यातून.

ईरी सरोवर सुमारे ३८८ किलोमीटर लांब आहे, आणि नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे तिरपं पसरलेलं आहे. बफेलो त्याच्या अगदी पूर्व टोकाला. उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांमध्ये हे सर्वांत उथळ, सरासरी खोली १९ मीटर. उथळ असल्यामुळे उन्हाळ्यात ते चांगलं तापतं. पाणी ऊब सहजासहजी सोडत नाही, म्हणून नोव्हेंबरात आजूबाजूची जमीन गारठली तरी सरोवराचं पाणी नऊ-दहा अंशांवर असू शकतं. अशात कॅनडाच्या उत्तरेकडून हाडं गोठवणारी कोरडी हवा खाली सरकते. तिला हे पाणी चुलीसारखंच लागणार. हवामानखात्यातल्या लोकांचा एक सोपा ठोकताळा आहे: पाण्याचा पृष्ठभाग आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानांत १३ अंशांचा फरक पडला, की यंत्र सुरू झालंच म्हणून समजावं. त्या नोव्हेंबरात हा फरक विसाच्या पुढे होता.

पुढे काय होतं ते कळायला आपल्याला वळीव पुरेसा आहे. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या जमिनीवरची हवा उसळून वर जाते, तिचे ढग होतात, आणि एका शिवाराला झोडपून काढताना बांधापलीकडचं शिवार कोरडं राहतं. ईरीवर तेच घडतं. फक्त जमिनीच्या जागी पाणी आणि गारांच्या जागी हिम. वळवाचे ढग दहा-बारा किलोमीटर उंची सहज गाठतात, हे मात्र बुटके. तीन-चार किलोमीटरवर त्यांच्या डोक्यावर झाकण बसतं. मग एवढा बर्फ येतो कुठून? उत्तर सरोवराच्या आकारात आहे. वारा नैर्ऋत्येचा असला की हवा सरोवराच्या रुंदीवरून न जाता संपूर्ण लांबीवरून सरकत येते आणि वाटभर ऊब आणि वाफ गोळा करते. शिवाय दोन्ही काठांवरची थंड हवा मध्याकडे वाहते आणि मधल्या उबदार हवेला दोन्ही बाजूंनी चेपून वर ढकलते. विखरून राहिले असते ते ढग असे एका ओळीत येतात. वीस-तीस किलोमीटर रुंदीचा आणि शेकडो किलोमीटर लांबीचा हा पट्टा पाण्याच्या नळीसारखा एकाच जागी धार धरून बसतो. वारा काही अंशांनी फिरला तर धार दुसऱ्या उपनगरावर. म्हणून तिथल्या हवामानतज्ज्ञाला उद्या बर्फ पडणार हे सांगणं सोपं जातं, कोणत्या रस्त्यावर पडणार हे सांगताना त्याचा कस लागतो.

या ढगांच्या पोटातला प्रकार मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. उणे पंधरा अंशांतही ढगातले बरेचसे थेंब गोठलेले नसतात, पाणीच असतात. त्यांच्यात एखादा हिमकण तयार झाला की तो आजूबाजूच्या थेंबांच्या जिवावर वाढतो. बर्फाच्या पृष्ठभागापासून वाफ निसटणं पाण्यापेक्षा अवघड असतं, त्यामुळे थेंब विरत जातात आणि त्यांची वाफ कणावर जाऊन बसते. हा उद्योग उणे बारा ते उणे अठरा अंशांच्या दरम्यान सर्वांत जोरात चालतो, आणि नेमक्या याच तापमानात कणाला सहा फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या फुटतात. अशा नक्षीदार चांदण्या एकमेकींवर पडल्या की त्यांच्यात हवाच जास्त अडकते. पंधरा-वीस सेंटीमीटर जाडीच्या अशा भुसभुशीत थरात पाणी असतं फक्त सेंटीमीटरभर.

हलका आहे म्हणून निर्धास्त राहावं, तर तसंही नाही. चौरस मीटर छपरावर पंधरा सेंटीमीटर पाण्याइतका बर्फ साठला की त्याचं वजन होतं दीडशे किलो. २०१४ मध्ये काही छपरं बसली. त्यानंतर खरी धास्ती लागली ती आठवड्याच्या शेवटी येऊ घातलेल्या उबेची आणि पावसाची. बर्फ पाऊस स्पंजासारखा शोषून घेतो, आणि मग सोडतो तेव्हा ओढ्याकाठच्या तळघरांत.

आता प्रश्न असा, की बर्फात जन्म गेलेल्या शहराचं चाक रुततंच का? बफेलोत हिवाळ्याभरात सरासरी दोन मीटरहून जास्त बर्फ पडतो. शाळकरी पोरांनासुद्धा फावडं कसं धरायचं ते माहीत असतं. पण तिथली सगळी व्यवस्था वेगावर बेतलेली आहे. पुढे पातं लावलेला ट्रक ठरलेल्या फेरीवर निघतो आणि दोन-तीन तासांनी त्याच रस्त्यावर परत येतो. तासाला तीन सेंटीमीटर पडत असेल तर हे गणित सुटतं. तासाला दहा-बारा पडू लागला की ट्रक परत येईपर्यंत फूटभर साचलेला असतो, त्यात मोटारी अडकतात, आणि अडकलेली एक मोटार ट्रकची वाट बंद करते. चार-पाच फुटांपुढे ढकलण्याचा प्रयोग संपतोच. मग लागतात ती आपण सरसकट जेसीबी म्हणतो तसली उचलणारी यंत्रं आणि भरून नेणारे डंपर, आणि ती मुंगीच्या पावलांनी पुढे सरकतात. त्या आठवड्यात न्यूयॉर्क राज्याच्या महामार्गाचा दोनशेहून अधिक किलोमीटरचा पट्टा बंद होता. नायगारा विद्यापीठाच्या मुलींचा बास्केटबॉल संघ त्यावर बसमध्ये चोवीस तासांहून जास्त काळ अडकून पडला. बफेलोच्या व्यावसायिक फुटबॉल संघाचा घरचा सामना उचलून डेट्रॉइटला न्यावा लागला.

एवढं कळलं की वाटतं, सरोवर गोठलं की सुटलो. पाण्यावर बर्फाचं झाकण पडलं, वाफ बंद, यंत्र बंद. बऱ्याच अंशी हे खरं आहे. उथळ ईरी भर हिवाळ्यात बहुतेक गोठतं आणि मग तिथला जोर ओसरतो. पण बफेलोच्या म्हाताऱ्यांना तुम्ही असं सांगितलंत तर ते १९७७ चं नाव काढतील.

त्या हिवाळ्यात ईरी डिसेंबरच्या मध्यालाच गोठलं होतं. त्याच्या पाठीवर आठवडेच्या आठवडे भुसभुशीत बर्फ साठत गेला. हजारो चौरस किलोमीटरचं सपाट मैदान, त्यावर मोकळा माल. २८ जानेवारीला वारा सुटला, झोत ताशी ११० किलोमीटरपर्यंत. त्या चार-पाच दिवसांत आकाशातून नवा बर्फ पडला साधारण फूटभर. शहर गाडलं ते आधीच पडून गेलेल्या, सरोवरावर वाट बघत बसलेल्या बर्फाने. काही ठिकाणी ढिगारे तीस फुटांपर्यंत चढले. वाऱ्याने घासत आणलेल्या कणांच्या नक्षीदार फांद्या मोडतात, उरतात ते बारीक दाणे. ते एकमेकांत घट्ट बसतात आणि टेकले तिथे सांधले जातात. अशा ढिगाऱ्यावर फावडं आपटलं तर टणत्कार होतो. प्राणिसंग्रहालयातली तीन रेनडिअर याच ढिगाऱ्यावरून चालत कुंपण ओलांडून बाहेर पडली. त्यांना ही वाट निसर्गाने मुद्दाम बांधून दिल्यासारखी वाटली असणार. माणसांच्या वाट्याला काय आलं? हजारो लोक कचेऱ्यांतच अडकले, २९ जण दगावले, काही आपल्याच गाडलेल्या मोटारीत. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी या भागासाठी आपत्ती जाहीर केली. बर्फासाठी संघराज्याने अशी घोषणा करण्याची ती पहिलीच वेळ.

ताजं दुखणं २०२२ चं आहे. २३ डिसेंबरला, नाताळच्या तोंडावर, काही तासांत तापमान शून्याच्या वरून उणे दहाच्या खाली कोसळलं. सरोवर उघडं होतं आणि वारा वादळी होता, म्हणजे २०१४ ची वाफ आणि १९७७ चा वारा एकाच वेळी. अमेरिकेत ‘ब्लिझर्ड’ म्हणायला वारा किमान ताशी ५६ किलोमीटर असावा लागतो, चारशे मीटरच्या पलीकडचं दिसता कामा नये, आणि हे सलग तीन तास टिकावं लागतं. बफेलोत ते ३७ तास टिकलं. ईरी काउंटीत, म्हणजे बफेलोच्या जिल्ह्यात, ४७ माणसं गेली.

या माणसांचे मृत्यू कसे झाले हे वाचताना बर्फाची उंची जवळपास गौण वाटू लागते. कोणी बंद पडलेली मोटार सोडून चालत निघालं आणि हाकेच्या अंतरावर दिशा हरवून बसलं. सगळं पांढरं झालं की वर-खालीसुद्धा कळत नाही. कोणाच्या घरातली वीज गेली आणि तिच्याबरोबर घर उबदार ठेवणारी भट्टीही विझली. कोणाचं हृदय बर्फ उपसताना थांबलं: थंडीने आखडलेल्या रक्तवाहिन्या आणि अंगमेहनतीने चढलेला रक्तदाब हा जीवघेणा मेळ. मोटारीत बसून राहणाऱ्यालाही एक गोष्ट माहीत असावी लागते. मागचा धुराचा पाइप बर्फात बुजला की इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला वास नसतो. म्हणून तिथे सल्ला असा, की आधी पाइप मोकळा करा, इंजिन थोडा थोडा वेळच चालवा, खिडकी किंचित उघडी ठेवा आणि गाडी सोडू नका. तिथल्या विद्यापीठात शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांनी स्वेटर-कानटोपीच्या आधी हे शिकून घ्यावं.

मदतीला निघालेली वाहनंच रुतली, अग्निशमनदलाचे बंबसुद्धा. त्या पोकळीत शेजारी उतरले. एका तरुणाने बंद शाळेची काच फोडून दोन डझन अडकलेल्यांना आत घेतलं आणि जाताना नुकसानीबद्दल माफीची चिठ्ठी ठेवली. एका दांपत्याने दारात फावडं मागायला आलेल्या दक्षिण कोरियन पर्यटकांना घरात घेतलं, आणि त्यांचा नाताळ कोरियन स्वयंपाकात गेला. या गोष्टी जगभर पोचल्या. वाहतूकबंदीची गोष्ट तितकी पोचली नाही. बंदी लागू झाली सकाळी साडेनऊला, म्हणजे हातावर पोट असलेले लोक कामावर निघून गेल्यानंतर. शहरातल्या मृतांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने बरंच जास्त निघालं. माझ्या मते शेजारधर्माच्या बातम्यांपेक्षा हा आकडा त्या वादळाबद्दल जास्त सांगतो. बर्फ सगळ्यांवर सारखा पडला, पण भरलेला फ्रिज आणि पगारी सुट्टी सगळ्यांकडे सारखी नव्हती.

त्या वादळात रस्त्यांवर मीठ मारूनही उपयोग झाला नाही, कारण साध्या मिठाचा जोर उणे नऊ-दहा अंशांनंतर झपाट्याने ओसरतो. त्याहून थंडीत कॅल्शियम क्लोराइड लागतं, ते महाग. एरवी मात्र या सगळ्या प्रदेशाचा हिवाळा मिठावर चालतो, आणि ते मीठ येतं कुठून पाहा. याच ईरी सरोवराच्या दक्षिण काठावर, क्लीव्हलँडला, पाण्याखाली सुमारे ५५० मीटर खोल मिठाची खाण आहे. तिचे बोगदे सरोवराच्या तळाखालून काही किलोमीटर आत गेले आहेत. तिथे मोठमोठे ट्रक आणि लोडर चालतात, रस्ते आहेत, आणि वर जहाजं जात असतात. हे मीठ ४० कोटी वर्षांहून जुन्या एका उथळ समुद्राचं, त्या काळच्या उन्हात आटलेलं. रस्त्यावर पडल्यावर ते वितळलेल्या पाण्याबरोबर ओढ्यांत जातं, ओढ्यांतून ईरीत, तिथून नायगाऱ्याच्या धबधब्यावरून ऑन्टारिओ सरोवरात आणि पुढे अटलांटिकमध्ये. वाटेत ते गोड्या पाण्याला खारट करत जातं, म्हणून आता बरीच गावं कोरडं मीठ फेकण्याऐवजी वादळाच्या आदल्या दिवशी रस्त्यावर मिठाचं पाणी फवारतात. त्यात निम्म्याहूनही कमी मिठात भागतं, आणि बर्फ रस्त्याला चिकटायच्या आधीच सुटतो.