उपटूं नये असें फूल

कांचेच्या हौदांत प्रवाळांची बाग फुलविणाऱ्यांकडे एक अनाहूत पाहुणा हटकून येतो. विकत आणलेल्या खडकाच्या फटींत दडून तो शिरतो आणि एके दिवशीं तपकिरी, अर्धपारदर्शक पाकळ्यांचें नाजूक फूल पाण्यांत डोलूं लागतें. शास्त्रज्ञ त्यास एप्टेशिया म्हणतात. हें फूल नव्हे, प्राणी आहे! त्याच्या पाकळ्यांतील दंशपेशी शेजारच्या प्रवाळास जाळतात आणि वर्षानुवर्षें जोपासलेली बाग उजाड होऊं लागते.

चिमट्यानें तें उपटावें, असें कोणासहि वाटेल. पण तेथेंच घात होतो. तळाचा कणभर तुकडा खडकास चिकटून राहिला, तरी त्यापासून नवा प्राणी उभा राहतो. रक्तबीजाची कथा आपण ऐकलीच आहे.

मग करावें काय? फुलें दोनचारच असल्यास पाण्याचा प्रवाह थांबवून, शुद्ध विरलेल्या चुन्याचा दाट लगदा पिचकारीनें प्रत्येकाच्या मुखावर सोडावा. चुन्यानें पाण्याचा क्षारपणा वाढतो. म्हणून एका दिवशीं थोडींच फुलें हाताळावींत. संख्या फार असल्यास फ्लॉरिडाच्या समुद्रांतील बर्गिया ही चिमुकली, शंखहीन गोगलगाय सोडावी. एप्टेशिया हेंच तिचें अन्न. तें संपलें कीं तीहि उपाशी मरते. यास्तव काम होतांच तिला दुसऱ्या एखाद्या गरजवंताच्या हौदांत पोंचवावें. उपकारकर्त्याची एवढी तरी आठवण ठेवावी.