वजनदार डंबेलसह चेस्ट प्रेस : घ्यावयाची दक्षता

प्रौढ व्यक्तींनी आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बाकावर उताणे झोपून दोन्ही हातांतील डंबेल छातीवरून वर ढकलणे, म्हणजेच डंबेल चेस्ट प्रेस, हा अशाच व्यायामांपैकी एक होय. त्यामुळे छातीचे, खांद्यांच्या पुढील भागाचे आणि दंडांच्या मागील बाजूचे स्नायू बळकट होतात.

बारबेल स्टँडवरून उचलता येतो व पुन्हा स्टँडवरच ठेवता येतो. डंबेलला असा आधार नसतो. ते जमिनीवरून छातीपर्यंत आणणे आणि थकलेल्या हातांनी पुन्हा खाली ठेवणे, हे दोन्ही टप्पे व्यायाम करणाऱ्यालाच पार पाडावे लागतात. म्हणून वजन वाढवण्यापूर्वी ते वर घेण्याची व खाली ठेवण्याची पद्धत हलक्या डंबेलवर आत्मसात करावी.

वजन केव्हा वाढवावे?

१० किलोंऐवजी १२.५ किलोंचे डंबेल घेतल्यास प्रत्येक हातावरील भार एक चतुर्थांशाने, तर एकूण भार ५ किलोंनी वाढतो. त्यामुळे प्रथम वजन न वाढवता आवर्तने वाढवावीत. एका फेरीत ८ आवर्तने होत असल्यास त्याच वजनाने ती क्रमाक्रमाने १२ पर्यंत न्यावीत. लागोपाठ दोन दिवसांच्या सरावात १२ आवर्तने डंबेल न डगमगता पूर्ण झाली, तरच पुढील वजन घ्यावे आणि पुन्हा ८ किंवा त्याहून कमी आवर्तनांपासून आरंभ करावा. दोन सरावांत किमान ४८ तासांचे अंतर ठेवावे.

डंबेल वर घेताना

१. ५ ते १० मिनिटे शरीर तापवावे व हलक्या डंबेलने एक-दोन फेऱ्या कराव्यात.
२. गुडघे वाकवून व पाठ सरळ ठेवून डंबेल उचलावेत. बाकावर बसून ते गुडघ्यांजवळ मांड्यांवर उभे धरावेत.
३. पाठ टेकवत असतानाच एकेका गुडघ्याच्या रेट्याने डंबेल खांद्यांजवळ आणावेत. केवळ हातांच्या बळावर ते ओढू नयेत.

व्यायाम करताना

१. दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकलेली असावीत. खांद्यांची पाती मागे व खाली ओढून बाकाला टेकवावीत.
२. अंगठा मुठीभोवती घट्ट असावा व मनगट सरळ राहावे.
३. कोपरे खांद्यांच्या रेषेत आडवी पसरू नयेत. धडापासून साधारण ४५ ते ६० अंशांच्या कोनात ठेवावीत.
४. डंबेल सावकाश खाली आणावेत. छातीचा मोठा स्नायू फाटण्याच्या घटना बहुधा भार खाली येत असताना घडतात.
५. वर ढकलताना श्वास सोडावा. श्वास रोखून जोर लावल्यास रक्तदाब एकदम वाढतो.
६. वजन नवे असल्यास जाणकार साहाय्यक डोक्याच्या बाजूस असावा. त्याने कोपरांना नव्हे, तर मनगटांजवळ आधार द्यावा.

डंबेल खाली ठेवताना

तळहात परस्परांसमोर आणून डंबेल छातीजवळ घ्यावेत. गुडघे उचलून डंबेल मांड्यांवर टेकवावेत आणि पायांच्या झोकाने उठून बसावे. झोपलेल्या स्थितीत हात बाजूला पसरून डंबेल सोडणे टाळावे; त्यामुळे खांद्याच्या सांध्यावर मोठा ताण येतो. एखादे आवर्तन अपुरे राहील असे वाटताच व्यायाम तेथेच थांबवावा.

घरी व्यायाम करताना

स्टूल, खुर्च्या जोडून केलेला आधार किंवा मऊ गादी यांचा बाक म्हणून वापर करू नये. बाक नसल्यास जमिनीवर झोपून हा व्यायाम करता येतो; कोपरे जमिनीला टेकत असल्याने खांदे प्रमाणाबाहेर ताणले जात नाहीत. वजन बदलता येणाऱ्या डंबेलच्या चकत्यांची कड्या-आटे प्रत्येक वेळी तपासावेत. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये व डंबेल उंचावर ठेवू नयेत.

वैद्यकीय सल्ला कोणी घ्यावा?

उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, मधुमेहामुळे दृष्टिपटलास झालेला विकार, पूर्वी निखळलेला खांदा किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया असल्यास डॉक्टरांच्या संमतीविना वजन वाढवू नये. ३० वर्षांवरील व्यक्तींना आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब व मधुमेहाची तपासणी करून घेता येते.

धोक्याची लक्षणे

छातीच्या मध्यभागी दाब, हात वा जबड्याकडे पसरणारी वेदना, धाप, थंड घाम किंवा भोवळ जाणवल्यास ती स्नायूंची वेदना समजून दुर्लक्ष करू नये. व्यायाम तत्काळ थांबवून १०८ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. छातीत वा काखेजवळ काही तुटल्यासारखे जाणवून तेथे काळेनिळेपणा आल्यास, अथवा छातीचा आकार बदललेला दिसल्यास, विलंब न करता अस्थिरोगतज्ज्ञांस दाखवावे. मालिश करू नये. स्नायू फाटल्यास लवकर केलेले उपचार अधिक परिणामकारक ठरतात.

जे वजन स्वतःच्या नियंत्रणात वर घेता येते आणि तितक्याच नियंत्रणात खाली ठेवता येते, तेच आपल्यासाठी योग्य वजन होय.