बाळहिरडा आणि उघडे डोंगर

जुन्नर, आंबेगावच्या सह्याद्रीपट्ट्यात महादेव कोळी बांधव बाळहिरडा गोळा करतात. अठळी धरण्यापूर्वीच उतरविलेल्या या फळात रुजणारे बीज नसते, हे आपण द्रव्यगुणात शिकलो. परंतु ज्याची सारी फळे कोवळीच उतरली, त्या वृक्षाखाली रोप कोठून येणार, हा प्रश्न आपण वैद्यांनी क्वचितच विचारला. उघड्या डोंगरांवर गिरिपुष्प लावून हिरवळ दिसेल, हिरडा परतणार नाही. पक्व फळाची अठळीही कठीण असते व सावकाश रुजते. भाव मात्र बाळहिरड्यासच अधिक. मग संग्राहकाने फळे पिकू का द्यावीत? प्रत्येक झाडावर काही फळे राखण्याची अट औषधशाळांनी खरेदीतच घालावी आणि घटीचे मोल स्वतः द्यावे, अशी आमची सूचना आहे. तो भुर्दंड संग्राहकावर टाकणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.