कैद्याच्या वाट्याची भाकरी

गडबहून वडखळमार्गे अलिबागला गेले की हिराकोट लागतो. या किल्ल्यातच तुरुंग आहे. आतल्या माणसाशी कसे वागावे, हे रमजान शिकवतो.

हिजरी सन २ मध्ये १७ रमजानला बद्रची लढाई झाली. चरित्रकार सांगतात, की मुस्लिमांनी कैद्यांना भाकरी दिली आणि स्वतः खजुरावर भागवले. मुक्तीची रक्कम नसलेल्या, पण साक्षर कैद्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवायचे, की सुटका. कालचा शत्रू गुरुजी झाला.

औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. तिथे कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले.

कुरआन अनाथाबरोबर कैद्यालाही जेवू घालायला सांगते. गावात कुणाच्या घरचा माणूस आत असेल, तर आज इफ्तारचे एक ताट त्या घरी जावे.