'पारंपरिक' नावाचा गीतकार

आमच्या भागातील एका दिवंगत शाहिराच्या पत्नीने गेल्या वर्षी माझ्यापुढे तीन वह्या आणि चार कॅसेटी ठेवल्या. वह्यांत शाहिराच्या हस्ताक्षरातील गाणी होती. कॅसेटींच्या वेष्टणावर गायकाचे नाव होते, कंपनीचे होते. गीतकाराच्या जागी मात्र एकच शब्द छापलेला होता : 'पारंपरिक'. "गुरुजी, जयंतीला हीच गाणी सगळीकडं वाजत्यात. त्यात आमचं काही हाय का?" त्यांच्या या प्रश्नामुळे मला गीतकार-संगीतकारांच्या संस्थेची रचना अभ्यासावी लागली. कार्यकर्त्यांनाही ती ठाऊक असली पाहिजे.

इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी (आयपीआरएस) ही ती संस्था. तिची नोंदणी ऑगस्ट १९६९ मधली. अण्णा भाऊ साठे त्याच वर्षी १८ जुलैला गेले होते. कायद्याच्या भाषेत ही भागभांडवल नसलेली, हमीने मर्यादित अशी कंपनी आहे. गीतकार, संगीतकार आणि मालक, म्हणजे ध्वनिमुद्रण कंपन्या व प्रकाशक, असे तिचे सभासद. मृत गीतकाराच्या वारसालाही सभासद होता येते. गायकांचा हक्क वेगळा असल्याने त्यांची संस्थाही वेगळी आहे.

गीतकार एकटा किती दारे ठोठावणार? रेडिओ, दूरचित्रवाणी, हॉटेले, तिकिटाचे कार्यक्रम, आता इंटरनेट. म्हणून सभासद आपला हक्क करारपत्राने संस्थेकडे सोपवतो. संस्था परवाने देते, शुल्क गोळा करते, खर्च वजा करते आणि कोणते गाणे किती वाजले या नोंदींवरून रॉयल्टी वाटते. पॅरिसमध्ये अशी संस्था १८५१ सालीच उभी राहिली. त्यामागची हकीकत मोठी बोलकी आहे : ज्या उपाहारगृहात आपलीच गाणी फुकट गायली जात होती, तेथील बिल भरायला गीतकारांनी नकार दिला होता.

आपल्याकडे संस्था निघाली खरी, पण सत्ता मालकांकडे राहिली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटगीताचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, निर्माताच. ही स्थिती बदलायला २०१२ ची कायदा-दुरुस्ती यावी लागली. राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य असलेले जावेद अख्तर तिच्यासाठी झगडले. दुरुस्तीने दोन गोष्टी केल्या. गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा, वारस किंवा संस्था सोडून, कोणालाही लिहून देता येत नाही. कंपनीने सही घेतली तरी ती सही चालत नाही. दुसरे, संस्थेच्या नियामक मंडळावर निवडून येणारे निम्मे लेखक आणि निम्मे मालक असलेच पाहिजेत, आणि रॉयल्टीच्या वाटपात त्यांच्यात भेद करता येत नाही. या नव्या चौकटीत आयपीआरएसची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली.

निम्म्या जागा हा लहान विजय नव्हे. पण येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे : ही समानता सभासदा-सभासदांमधली आहे. ज्याचे नाव नोंदवहीत नाही त्याचे गाणे हजारदा वाजले तरी संस्थेच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. संस्थेने गाणे ओळखायचे ते शीर्षक, गीतकार, संगीतकार आणि मालक या रकान्यांवरून. वस्तीत गाऊन, तोंडोतोंडी पसरलेल्या गाण्याला हे रकाने कोण भरणार? आणि 'पारंपरिक' छापले की दावेदारच उरत नाही. हा शब्द निष्पाप वाटतो, तसा तो नाही.

जयंती-मंडळांच्या पोरांना भीती वाटते की आता गाण्यालाही परवाना लागणार. हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांसमोर गाणे सादर केले तर कायद्यात सूट आहे. आपले भांडण मंडळांशी नाहीच.

हक्काची मुदत गीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, पुढील वर्षारंभापासून मोजून. म्हणजे अण्णा भाऊंच्या गीतांवरील हक्क २०२९ अखेर संपेल. २००४ साली गेलेल्या वामनदादा कर्डकांच्या गीतांवरील २०६४ अखेर. आमचे शाहीर १९९८ साली गेले. त्यांच्या घराला अजून अवधी आहे.

वह्यांतली सदतीस गाणी आम्ही उतरवून काढली. अकरा गाण्यांना पुरावा मिळाला : जुनी हस्तपत्रके, आठ आण्यांच्या गीतपुस्तिका, एका मेळाव्याची निमंत्रणपत्रिका. कंपनीशी झालेला करार मात्र घरात सापडलेला नाही. कंपनीला पत्र पाठवले आहे. वारसाचा अर्ज भरायला घेतला, तेव्हा बाईंनी एकच विचारले, "तिथं त्यांचं नाव पुरं लिवत्यात ना?"